माशाच्या डोक्यांचा मुरघास

मित्रांनो, आज जरा नाक धरूनच वाचायला बसा. कारण आजची गोष्ट एका वासापासून सुरू होते!

मी राहतो सौंदडला. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग इथूनच जातो. आमच्या वयाची माणसे त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात, आता त्याचा नंबर ५३ झाला आहे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आमचे स्टेशनही आहे. तुम्ही कधी या बाजूने गेलात, तर खिडकीबाहेर दोन गोष्टी नक्की दिसतील. धानाच्या बांध्या आणि पाणी. तलावांचा प्रदेश आहे आमचा. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजाच्या लोकांनी इथे तलाव बांधायला सुरुवात केली. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. त्याचेच छोटे नाव ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागांत मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. शिवाय प्रत्येक गावात लहान लहान बोड्या आहेतच. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारे छोटे तळे, बरं का.

जिथे तलाव तिथे मासे आणि जिथे मासे तिथे ढिवर. ढिवर समाजाची माणसे पिढ्यान् पिढ्या या पाण्यात जाळे टाकत आली आहेत. आता त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात (बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले) आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की मासळी काढतात.

आता ती वासाची गोष्ट.

बोडीतले मासे वर आले

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात एके दिवशी पहाटे सातवीतली एक मुलगी धापा टाकत माझ्या दारात आली. “सर, लवकर चला. बोडीतले मासे वर आले!”

मृग लागला होता, पण पाऊस नव्हता. दोन दिवस नुसते आभाळ भरून होते. बोडीत जेमतेम गुडघाभर पाणी उरले होते आणि पुढच्या हंगामासाठी राखलेले थोडे मासे त्यात होते. मी जाऊन पाहिले, तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-ऊ, आ-ऊ करत होते. दुपारपर्यंत त्यातले बरेचसे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले.

मासे पाण्यात गुदमरतात का? हो, गुदमरतात! मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. तो ऑक्सिजन संपला, की पाणी असूनही मासा गुदमरतो.

पण ऑक्सिजन संपला कसा? काठाकाठाने फिरलो, तेव्हा उत्तर नाकाने शोधून काढले. दोन दिवसांपूर्वी मोठ्या तलावातली मासळी काढली होती. ती साफ केल्यावर निघालेली डोकी, आतडी, खवले, पर, असा दोन चुंगड्या भरून कचरा कोणी तरी बोडीत रिकामा केला होता. तो सडू लागला. सडवण्याचे काम करणारे असंख्य जिवाणूही श्वास घेतातच ना! त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन वापरला. दिवसा पाणवनस्पती प्रकाशात नवा ऑक्सिजन तयार करतात, पण आभाळ असल्यामुळे तो कमी पडला. रात्री तर त्या काही तयार करत नाहीत, उलट त्याही श्वास घेतात. म्हणून पहाटेच्या वेळी तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो. आमचे मासे पहाटे वर आले, ते यामुळे.

मी हे सगळे त्या मुलीला समजावून सांगत होतो. मला वाटले, काय छान धडा मिळाला! पण ती काहीच बोलेना. खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “सर, तो कचरा माझ्या आईनंच टाकला होता.”

आणि मेलेल्या माशांत त्यांच्या घरचाही वाटा होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिची आई बाजारात मासळी विकते, साफ करून देते. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “मले का मालूम होतं जी गुरुजी? पान्यातलं पान्यात टाकलं. रस्त्यावर टाकलं त कुत्रे वढून नेते, लोक बोलते. गाडलं त रातच्यानं उकरून काढते. तुमीच सांगा, टाकाचं कोटी?”

मित्रांनो, मी वीस वर्षे विज्ञान शिकवले, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कचरा तळ्यात टाकू नये हे सांगणे सोपे आहे. मग कुठे टाकावा, हे सांगता आले पाहिजे की नाही?

कचरा? छे, खाणे!

आधी हा कचरा आहे तरी किती आणि काय, ते बघू. मासा साफ केला की त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी कधी जवळजवळ निम्माही, बाजूला पडतो. म्हणजे दहा किलो मासळीमागे तीन-चार किलो तरी! आणि त्यात असते काय? पाणी पुष्कळ असते. पण शंभर ग्रॅममध्ये साधारण पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शिवाय तेल, हाडांमधले कॅल्शियम आणि फॉस्फरस. कोंबडीला विचारले, तर ती याला कचरा मुळीच म्हणणार नाही!

समुद्रकाठी यावर एक उपाय फार पूर्वीपासून आहे. मासळी शिजवायची, दाबून पाणी आणि तेल काढायचे, वाळवून भुकटी करायची. या भुकटीला फिशमील म्हणतात. जगभरच्या कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात ती असते. पण एक किलो भुकटीसाठी चार ते पाच किलो ओला माल लागतो, शिवाय बॉयलर हवा, यंत्रे हवीत, जळण हवे. बंदरावर रोज टनावारी मासळी उतरते, तिथे ते परवडते. आमच्या बाजारात निघतात दोन चुंगड्या. त्यासाठी कारखाना कोण घालणार?

मग मला आठवला मुरघास.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत, त्यांना मुरघास माहीत असेल. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरायचा, हवा जाऊ द्यायची नाही. तो आतल्या आत आंबतो आणि महिनोन् महिने टिकतो. उन्हाळ्यात गुरांना हिरव्या चाऱ्यासारखा खायला मिळतो. चाऱ्याचा मुरघास होतो, तर माशांचा का नाही?

होतो! आणि ही कल्पना माझी नव्हे. फिनलंडमध्ये आर्टुरी व्हिर्तानेन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. तिथला हिवाळा लांबलचक आणि बर्फाचा. चारा टिकवणे म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. व्हिर्तानेन यांच्या लक्षात आले, की चारा झटकन पुरेसा आंबट केला, तर तो सडत नाही आणि त्यातला कसही टिकतो. त्यांनी त्यावर थोडे आम्ल शिंपडण्याची पद्धत काढली. या कामासाठी त्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चाऱ्यासाठी नोबेल! मग शेजारच्या स्वीडनमध्ये १९३० च्या दशकातच हीच युक्ती माशांवर करून पाहण्यात आली. आपल्या देशातही कोचीला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९५७ मध्ये स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनीही माशांच्या टाकाऊ भागांच्या मुरघासावर काम केले आहे.

मुरघास दोन तऱ्हांनी करता येतो. एक, वरून तयार आम्ल घालून. पण फॉर्मिक आम्लासारखे आम्ल अंगावर उडाले तर भाजते. ते घरात ठेवणेच धोक्याचे. दुसरी तऱ्हा म्हणजे आम्ल तयार करण्याचे काम जिवाणूंनाच सांगायचे. हे जिवाणू कुठे मिळतात? तुमच्या स्वयंपाकघरात, दह्याच्या भांड्यात!

सडणे आणि आंबणे

इथे जरा थांबू. सडणे आणि आंबणे यांत फरक काय? दोन्ही कामे सूक्ष्मजीवच करतात. दूध नासते आणि दुधाचे दहीही होते. मग नासलेले दूध आपण फेकतो आणि दही वाटीभर मागून घेतो, असे का?

फरक आहे तो कोण आधी जागा पकडतो याचा. गोंदिया-बल्लारशा पॅसेंजर फलाटावर लागली, की काय होते? जो आधी चढून बाकावर रुमाल टाकतो, त्याची जागा. मागून आलेला कितीही धिप्पाड असो, त्याला उभेच राहावे लागते. सूक्ष्मजीवांचेही तसेच आहे. दह्यातले जिवाणू साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. हे आम्ल म्हणजे त्यांचा रुमाल! एकदा सगळीकडे आंबटपणा पसरला, की सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे वाढता येत नाही. उलट सडवणारे आधी पोचले, तर ते प्रथिनांवर ताव मारतात आणि त्यातून अमोनिया व इतर घाण वासाची द्रव्ये तयार होतात.

दुधात साखर असते, म्हणून विरजण लावले की काम झाले. पण माशात साखर जवळजवळ नसतेच. म्हणजे दह्यातले जिवाणू माशावर सोडले, तर बिचारे उपाशी! म्हणून त्यांना खाऊ द्यावा लागतो. साखर कारखान्याजवळ मळी मिळते. आमच्याकडे गूळ.

आंबटपणा मोजायचा कसा? शाळेत तुम्ही ‘सामू’ शिकता, तोच. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. लिंबाच्या रसाचा साधारण २, दह्याचा साधारण साडेचार. एक घर खाली उतरले की आम्लता दहापट वाढते. माशांचा मुरघास टिकायचा असेल, तर दोन-तीन दिवसांत त्याचा सामू साडेचारच्या खाली गेला पाहिजे. शर्यत आहे ती!

पहिला डबा: नापास

कागदावर सगळे सोपे वाटले. मी त्या माऊलीकडून पाच किलो कचरा आणला. बहुतेक डोकी आणि खवलेच होते. कोयत्याने जाडेभरडे तुकडे केले, पावशेर गूळ आणि वाटीभर दही घालून प्लॅस्टिकच्या डब्यात भरले. वर झाकण ठेवले. चार मुले आणि ती मुलगी रोज यायची आणि सामूचा कागद बुडवून रंग बघायची.

तिसऱ्या दिवशी कागदाने सांगितले, साडेसहा! आणि वासाने सांगितले, पळा! माझ्या घरच्यांनी डब्यासकट मलाही सांदवाडीच्या टोकाला हाकलले. डबा शेतात खोल खड्ड्यात पुरावा लागला.

“सर, आपण हरलो,” मुले म्हणाली. मी म्हटले, “हरलो कसे? का बिघडलं हे शोधू, मग ठरवू.” तीन कारणे सापडली.

पहिले, गूळ कमी. शंभराला पाच भागच घातला होता. दहा ते पंधरा भाग तरी हवा.

दुसरे, तुकडे मोठे. डोक्याच्या आतपर्यंत आंबटपणा पोचायच्या आधीच तिथे सडणे सुरू झाले होते. रुमाल टाकला होता एका बाकावर, आणि डबे होते दहा!

तिसरे कारण गमतीचे. हाडे! पोटात जळजळ झाली की मोठी माणसे गोळी चघळतात ना? त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत कॅल्शियमचा क्षार असतो. तो आम्ल मारतो. माशाच्या डोक्यात हाडे भरपूर, हाडांत कॅल्शियमचे क्षार भरपूर. जिवाणू बिचारे आम्ल तयार करत होते आणि हाडे ते खाऊन टाकत होती. म्हणून हाडे जास्त असतील तर गूळही जास्त लागतो.

दुसरा डबा: पास

पुढच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. मासळी साफ केल्यावर दोन तासांच्या आत कचरा आणला. खवले वेगळे काढले. हाताने फिरवायच्या खिम्याच्या यंत्रातून बाकीचे सगळे दोनदा काढले. त्यात आतडीही मुद्दाम घेतली. दहा किलोला दीड किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून घातला. वर अर्धा लिटर आंबट ताक. सगळे तळापर्यंत कालवले. डबा प्लॅस्टिकचाच, कारण आम्ल लोखंड खाते. झाकण ठेवले, पण आवळले नाही. आतून वायू निघतो, तो कोंडला तर डबा फुटू शकतो. रोज एकदा काठीने ढवळायचे.

पहिल्या दिवशी कागद सहाच्या वर. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी साडेचारच्याही खाली! आणि वास? मासळीचा वास होताच, पण सडका नव्हे. जुन्या लोणच्यासारखा आंबूस. ती मुलगी आईला ओढतच घेऊन आली. आईने डब्यात वाकून हुंगले आणि म्हणाली, “हे त सडलं नाई जी.” मित्रांनो, जिने आयुष्यभर मासळीचा ताजेपणा नाकाने ओळखला, तिचे प्रमाणपत्र मला सामूच्या कागदापेक्षा मोठे वाटले.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एक नवल झाले. खिम्याची पातळ पेज झाली. हे जिवाणूंचे काम नव्हे, हे माशाच्या स्वतःच्या विकरांचे काम. विकरे म्हणजे शरीरातल्या रासायनिक कात्र्या. त्या प्रथिनांच्या लांब साखळ्या कापून छोटे तुकडे करतात. म्हणजे अन्न खाण्याआधीच अर्धे पचवून ठेवलेले!

इथे एक कोडे घालतो. आपल्या पोटातली पेप्सिन नावाची कात्री आम्लात मस्त चालते. पण रोहू, कटला, मृगळ यांच्याकडे पेप्सिन नसते. का? कारण त्यांना जठरच नसते! घशातून सरळ आतडे. त्यांच्या आतड्यातल्या कात्र्या आंबटपणात मंदावतात. मग पेज कशी झाली? मांसाच्या पेशींतही काही विकरे असतात आणि ती आम्लात काम करतात. त्यामुळे नुसत्या रोहू-कटल्याचा मुरघास जरा सावकाश पातळ होतो. मरळ आणि मांगूर यांना मात्र जठर असते. त्यांची आतडी-पोटे मिसळली, तर कामाला वेग येतो. थंडीत हे सगळे रेंगाळते, उन्हाळ्यात भराभर होते.

कोंबडीची खिचडी

आता ही पेज खाऊ घालायची कशी? आमच्या जिल्ह्यात भातगिरण्या पुष्कळ, म्हणून कोंडा मुबलक. तूस नव्हे हं, तूस पचत नाही. तांदळावरचा मऊ कोंडा. पेज आधी चांगली उकळून घ्यायची, गार झाली की तेवढ्याच वजनाच्या कोंड्यात मळायची, शेवेच्या साच्यातून काढायची आणि कडक उन्हात वाळवायची. विदर्भातले ऊन याच कामाला यावे!

कोंडाच का? प्रथिने ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. धान्यात लायसिन नावाचा मणी कमी असतो, माशात तो भरपूर. म्हणून दोन्ही एकत्र केली की माळ पुरी होते. आपण भातावर वरण घेतो किंवा खिचडी करतो, त्याचेही मर्म हेच. ही आमच्या कोंबड्यांची खिचडी!

मोठ्यांसाठी चार शब्द

आई-बाबांनी आणि ताई-दादांनी हे जरूर वाचावे.

डब्याचे काम मुलांनी एकट्याने करायचे नाही. सुरी आणि यंत्र मोठ्यांच्या हाती, आणि नंतर साबणाने हात धुणे सगळ्यांनी. तीन दिवसांत सामू साडेचारच्या खाली गेला नाही, तर तो डबा जनावरांना देऊ नये, ‘चालेल’ म्हणू नये. न आंबलेल्या मासळीत अतिशय घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. उकळणे चुकवू नये. त्याने रोगजंतू मरतात, शिवाय कच्च्या रोहू-कटल्याच्या जातीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे एक विकर असते, तेही निकामी होते.

कोंबड्यांच्या एकूण खाद्यात याचा वाटा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ठेवावा. जास्त झाले तर अंड्यांना आणि मांसाला मासळीचा वास लागतो. खारवलेल्या मासळीचा कचरा वापरू नये, मीठ कोंबड्यांना सोसत नाही. ज्या माशांचा कचरा, त्याच जातीच्या माशांना तो देऊ नये, रोग फिरत राहतो. आणि हे खाद्य गाई-म्हशींचे नव्हे. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंचा एक भयंकर मेंदूरोग ओळखला गेला. गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी गुरांना खाऊ घातल्याने तो पसरला होता, आणि १९८८ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. ते मासे नव्हते, हे खरे. पण गवत खाणाऱ्याच्या गव्हाणीत मांस-मासळी नकोच. पावसाळ्यात खाद्य नीट वाळत नाही, बुरशी धरते. बुरशीचे खाद्य टाकून द्यावे. अधिक माहितीसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

मग पुढे काय झाले?

त्या माऊलीने सारे पाहिले आणि अगदी नेमका प्रश्न विचारला. “पन गूर कोन देईल जी, गुरुजी?” (झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळा म्हणजे डोरा, गूळ म्हणजे गूर!) खरेच आहे. कचरा फुकट, पण गूळ विकत. आम्ही किराणा दुकानात पाझरलेला, काळा पडलेला गूळ स्वस्तात मागितला. मिळाला. एका मुलाने विचारले, “सर, मोहफुलं चालतील का?” मोहफुलांत साखर पुष्कळ असते. पण त्यांच्यावर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीवही ताव मारतात, आणि ते साखरेची दारू करतात, आम्ल नव्हे. चालतील की नाही, हे अजून आम्ही करून पाहिलेले नाही. तो प्रयोग राहिला आहे.

आज तिच्या घरामागे दोन डबे आहेत. मासळीचा सगळा कचरा त्यात मावत नाही, पण बराचसा मावतो. त्यामुळे ती श्रीमंत झाली वगैरे मी सांगणार नाही. तिच्या कोंबड्या खाद्य आवडीने खातात, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. अंडी वाढली का? ती म्हणते वाढली. पण आधी किती होती, हे आम्ही मोजलेच नव्हते! तेव्हा विज्ञानाच्या भाषेत मला ‘माहीत नाही’ असेच म्हणावे लागते. चूक माझी.

बोडीत मात्र तेव्हापासून कोणी कचरा रिकामा केलेला नाही. यंदा जूनमध्ये पुन्हा दोन दिवस आभाळ भरून आले, तेव्हा ती मुलगी पहाटे उठून बोडीवर जाऊन आली. आता ती नववीत आहे. शाळेत आल्यावर मला म्हणाली, “सर, मासे खालीच आहेत.”

करून पाहा

मासळी नको असेल, तर हा प्रयोग घरात बिनधास्त करा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळा. कागद जांभळट होईल. तो वाळवून पट्ट्या कापा. आता कोमट दुधाला विरजण लावा आणि दर दोन तासांनी एकेक थेंब पट्टीवर टाका. आम्लता वाढत जाईल तसा डाग गुलाबी होत जाईल. वेळ आणि रंग वहीत लिहा. दुसरी वाटी फ्रिजमध्ये ठेवून तुलना करा. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला तर कोणता रंग येतो?

आणि हा प्रश्न डोक्याला खाद्य म्हणून. तुमच्याकडे बारा कोंबड्या आहेत. नव्या खाद्याने अंडी वाढतात की नाही, हे तुम्ही कसे ठरवाल? किती कोंबड्यांना काय द्याल, किती दिवस आणि काय काय मोजाल? मी केलेली चूक तुम्ही करू नका. तुमची योजना एका पानात लिहून पाठवा. ज्याची योजना सगळ्यांत चोख असेल, त्याच्या पद्धतीने आम्ही सौंदडला खरोखर प्रयोग करू आणि निकाल, कसाही येवो, याच पानावर सांगू.

तोपर्यंत, नाक सोडा आणि मोकळा श्वास घ्या. पुढच्या आठवड्यात भेटूच!